आवो कोरांतेमाच्या पेट्या

आवो कोरांतेमाच्या खोलीत पाऊल टाकलं की ओतुबियाचा आवाज आपोआप खाली यायचा. चाळिशीला टेकलेली बाई ती, शिलाई मशिनवर स्वतःचं पोट भरणारी, गिऱ्हाइकाला दोन शब्द सुनवायला न भिणारी. पण त्या उंबऱ्याच्या आत ती पुन्हा झबल्यातली पोर व्हायची. समोरच्या भिंतीला लागून पेट्या होत्या. पत्र्याच्या पेट्या, एकीवर एक, पार वाशांपर्यंत. कुठली हिरवी, कुठली निळी, कुठलीचा रंग उडून नुसता पत्राच उरलेला. प्रत्येकीला कुलूप. आणि खोलीभर डांबराच्या गोळ्यांचा वास. तो वास चर्चमध्ये कुणाच्या अंगाला आला तरी ओतुबिया अदबीनं सरकून बसायची.

अक्रोपाँगला, त्या डोंगरावरच्या गावात, बाईची दौलत बँकेत विचारत नाहीत, पेटीत विचारतात. मेणछपाईची कापडं, अख्खीच्या अख्खी, घडी न मोडलेली. लेकीच्या लग्नाला एक निघतं, नातवाच्या शाळेसाठी एक विकलं जातं, आणि बाई गेली की उरलेल्या पेट्या उघडून गावाला दाखवतात, की बघा, ही कशी जगली! त्या डोंगरावर आवोइतक्या पेट्या कुणाकडेच नव्हत्या. चाळीस वर्षं तिनं खाली कोफोरिदुआच्या बाजारात कापड विकलं होतं.

नात्यानं ती ओतुबियाची मावशी. पण तिकडे आईची बहीण म्हणजे आईच, आणि 'आवो' म्हणजेही आईच. ओतुबिया रांगत असतानाच तिची जन्मदाती गेली. तेव्हापासून आवोच्या पाठीवर, आवोच्या कापडात बांधलेली, ती बाजारात वाढली.

बाजाराहून घरी आलं की आवो कमरेचा कसा सोडायची आणि कमाईचे तीन वाटे करायची. पहिला देवाचा, दुसरा घराचा, तिसरा उद्याचा.

"देवाचा पहिला का?" लहानपणी ओतुबियानं विचारलं होतं.

"शेवटी ठेवला तर देवाच्या ताटात खरकटं पडतं. पाहुण्याला तू खरकटं वाढतेस का?"

उद्याचा वाटा कापडात जायचा. सरकारनं एका फटक्यात मोठ्या नोटा रद्द केल्या, तेव्हा शेजारच्या दुकानदारणीच्या गादीतला पैसा एका दिवसात रद्दी झाला होता. ती बाई बाजारात मधोमध बसून धाय मोकलून रडली. आवोनं तिला घरी नेऊन जेवू घातलं आणि त्याच दिवशी ठरवलं, की कापडावर सरकारची सही नसते, ते रद्द होत नाही. आणखी एक गोष्ट ती इतक्या वेळा म्हणायची, की बाजारातल्या पोरी तिची नक्कल करायच्या: "उधारीवर माल भरू नये, उधारीवर मडं पुरू नये."

उत्तरेचा कोरडा वारा सुटला आणि आवोचे पाय सुजले. मग पोट सुजलं. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी ओतुबियाला बाजूला घेतलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "घरी घेऊन जा. आवडेल ते खायला द्या." टॅक्सी घाट चढत असताना आवो खिडकीतून बाहेर बघत होती. तिनं वाटेत एका वळणावर भाजलेली केळी घ्यायला लावली एवढंच.

दुसऱ्या दिवशी ओफेई मामा आले. आवोचे धाकटे भाऊ, एके काळचे लॉरीमालक. आवाज असा, की फोनची गरज नाही. त्या मुलखात घरावर शब्द चालतो तो आईच्या भावाचा. जन्म, लग्न, मरण, सगळं त्याच्या सांगण्यानं. मामांनी अंगणात आंब्याखाली खुर्च्या टाकल्या, दोन चुलतभाऊ बोलावले, आणि तिघं हळू आवाजात बोलू लागले. हळू म्हणजे मामांच्या मानानं.

"तिचा लेक आसिएदू हॅम्बुर्गहून यायचा म्हणजे तीन-चार महिने तरी शवागारात ठेवावं लागणार."

"बँड कोफोरिदुआचाच हवा. आणि मांडव रस्त्यापर्यंत."

"सगळ्या कुटुंबाला एकसारखं नवं काळं कापड. गेल्या वर्षी त्या पाळकाच्या सासूचं झालं, त्याच्यापेक्षा कमी झालं तर तोंड दाखवायला जागा नाही."

"पण पैसे, ओफेई?"

"कर्ज काढू. लोक आहेर घेऊन येतात, त्यात वसूल होतं. आणि नाहीच झालं, तर तळाची पेटी आहे की."

तळाची पेटी! तिघांनी एकदम आवोच्या खोलीकडे पाहिलं. चळतीच्या सगळ्यात खाली एक काळी पेटी होती. आवोनं धंदा सुरू केला तेव्हाची, समुद्रापलीकडून आलेली अस्सल कापडं तिच्यात होती. ती उघडलेली कुणी पाहिली नव्हती. ओतुबियानंही नाही. कुणी म्हणायचं, त्या कापडांच्या जोरावर घर उभं राहील.

"ओफेई!" आतून आवाज आला. "भिंत पातळ आहे रे बाबा. आणि मी अजून मेले नाहीये."

चुलतभावांनी खुर्च्यांवरून उठून मान खाली घातली. आवोनं स्वतःला खुर्चीसकट अंगणात आणवलं. धाप लागत होती, पण डोळ्यांत बाजारातली ती जुनी चमक होती. गिऱ्हाईक घासाघीस करायला उभं राहिलं की यायची ती.

"मला आठवड्याच्या आत पुरायचं," ती म्हणाली. "गावातल्या सुताराकडून साधी पेटी. बँड नको. नवं कापड कुणी विकत घ्यायचं नाही. ज्याच्याकडे जे असेल ते नेसून यावं. आणि आहेराचं टेबल मांडायचं नाही."

"अक्का, अगं लोक काय म्हणतील? कोरांतेमाला भिकाऱ्यासारखं पुरलं म्हणतील!"

"लोक शनिवारी म्हणतील आणि सोमवारी विसरतील. कर्ज विसरतं का सोमवारी?"

"पण तुझा मान..."

"आयुष्यभर मी कुणाची एक पै डोक्यावर ठेवली नाही. आता मी आडवी पडल्यावर, तोंडातून शब्द फुटत नसताना, मला कर्जबाजारी करणार होय रे? तू लॉरीवाला ना? रिकाम्या लॉरीला कुणी नवी ताडपत्री घालतं का?"

चुलतभावांतला एक फिस्सकन हसला आणि लगेच खोकल्याचं सोंग करू लागला. मामांचा चेहरा पडला.

"बरं, मग पेट्या?"

"त्या मी जिवंतपणी रिकाम्या करणार. माल माझा कधी होता? मी किल्ल्या सांभाळणारी. मालक विचारेल, कोरांतेमा, माझ्या वस्तूंचं काय केलंस? तर काय सांगू, कुलूप लावून आले?"

मामा उठून गेले. फाटक आपटल्याचा आवाज खालच्या आळीपर्यंत गेला असेल.

दुसऱ्या सकाळपासून देणं सुरू झालं. आवो दारात खुर्चीवर, मांडीवर किल्ल्यांचा जुडगा. ओतुबिया पेट्या उतरवायची, उघडायची, घड्या काढून दाखवायची. तिकडे प्रत्येक कापडाला नाव असतं. 'पैशाला पंख असतात'. 'सवतीचं तोंड गोड'. 'अंगणातले खडे पायाला जास्त बोचतात'. आवो डोळे मिटून नाव सांगायची आणि मग माणसाचं नाव. स्टँडवर केळी तळणाऱ्या बाईला हे. चर्च झाडणाऱ्या म्हातारीला ते गडद हिरवं. नुकत्याच बाळंत झालेल्या, परगावाहून बदलून आलेल्या मास्तरीणबाईंना ते मऊ, बाळ पाठीला बांधायला.

आयेबियालाही बोलावणं गेलं. तिचं दुकान बाजारात आवोच्या समोरच होतं. वीस वर्षं दोघींनी एकमेकींची गिऱ्हाइकं पळवली होती. ती दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मला कशाला बोलावलंस? मेल्यावर येणारच होते, खात्री करायला."

"ये, बस. हे घे तुला. 'अंगणातले खडे'."

आयेबियानं कापड हातात घेतलं, कड तपासली, नाकाशी धरलं. "विष लावलंयस का ह्याला?"

"लावणार होते. महाग पडलं."

दोघी हसल्या. मग आयेबिया आवोच्या पायाशी मटकन बसली आणि ते कापड तोंडावर धरून हुंदके देऊ लागली. आवो तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. ओतुबियाला तिथं उभं राहवेना. ती आत गेली आणि उगाचच एक पेटी पुसत बसली.

खरं तर तिच्या मनात वेगळंच चाललं होतं. एकेक पेटी रिकामी होत होती आणि ती उरलेल्या पेट्या मोजत होती. स्टँडजवळ एक गाळा होता. विजेवरची मशिन, भिंतीला आरसा, बाहेर पाटी, सगळं तिनं मनात कधीच मांडून ठेवलं होतं. चारच कापडं विकली असती तर काम झालं असतं. रोज ती आपल्या नावाची वाट बघायची आणि रोज नाव दुसऱ्याचंच यायचं. चर्च झाडणाऱ्या म्हातारीच्या हातात ते हिरवं ठेवताना तिची बोटं क्षणभर सुटलीच नाहीत.

आवोनं ते पाहिलं. म्हातारी गेल्यावर म्हणाली, "तुझे हात घडी सोडत नाहीत गं."

ओतुबियाच्या कानशिलांना आग लागली. "आवो, मला काय ठेवलंयस?"

"तुला हे देण्याचं काम ठेवलंय. बाकीच्यांना कापड मिळालं. ते विरेल."

ओतुबियानं पुढची पेटी ओढली. कामानं गाळ्याचं भाडं भरता येत नाही, हे तिच्या ओठांपर्यंत आलं होतं.

शेवटी भिंत उघडी पडली आणि खाली ती काळी पेटी तेवढी राहिली. आवोनं त्या दिवशी मामांना निरोप धाडला. मामा आले, रागावलेले, पण आले. चुलतभाऊ आले. आयेबियाही आली, आता ती रोजच येऊ लागली होती. पेटीचं कुलूप गंजून एकजीव झालं होतं, किल्ली फिरेना. मामांनी हातोडीनं ते तोडलं.

"थांब," आवो म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "उघडण्याआधी ऐका. बाकीच्या साऱ्या पेट्यांतून मी दिलं. हिच्यातून कधीच नाही. कुणी उपाशी दारात आलं, तरी मी हिच्यावरची पेटी उघडायची, ही नाही. हिला डोकं टेकून मी झोपायची. देवाला रोज सगळं दाखवायची, आणि ही पायानं मागे सारायची. आता उघड."

मामांनी झाकण वर केलं.

सगळे पुढं वाकले. वरच्या घडीचा निळा रंग! समुद्र खोल होतो तिथला निळा, त्यावर सोनेरी पक्षी, जणू काल छापलेले. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अक्का," ते पुटपुटले, "हे तर राजघराण्यातसुद्धा..." आणि त्यांनी घडी उचलायला दोन्ही हात खाली घातले.

हात आरपार गेले.

निळ्याखाली काही नव्हतं. पेटीचा तळ गंजून कधीच गळून गेला होता आणि मातीच्या जमिनीतून वाळवी वर चढली होती. वर्षानुवर्षं, आवोच्या उशाशी, ती शांतपणे खात आली होती. वरची एक घडी तेवढी सालीसारखी शिल्लक होती. मामांच्या मनगटांवर तपकिरी माती होती, बोटांत निळ्या चिंध्या, आणि सोनेरी पक्ष्याचा एक पंख त्यांच्या डोळ्यांदेखत भुगा होऊन खाली पडला.

ओतुबियानं आवोकडे बघायचं धाडस केलं नाही. बाजाराला आग लागली होती तेव्हा तिनं बायका पाहिल्या होत्या, केस उपटणाऱ्या, राखेत लोळणाऱ्या. तेच आता होणार म्हणून तिनं अंग आकसून घेतलं.

पण आवाज आला तो हसण्याचा.

आधी बारीक, मग मोठा. आवो हसत होती. धाप लागत होती, पोट धरत होती आणि हसत होती. "प्रभूनं सांगून ठेवलं होतं गं! किडीचं सांगितलं होतं, गंजाचं सांगितलं होतं! दर वर्षी पाळक वाचायचे, पृथ्वीवर धन साठवू नका म्हणून, आणि मी मान डोलवायची. आणि इथं माझ्याच उशाशी!" तिनं डोळे पुसले. "बघ ओफेई, केवढी दया केली त्यानं. जे दिलं ते सगळं राहिलं. जे लपवलं तेवढंच नेलं. उलटं केलं असतं तर मी काय केलं असतं रे?"

ओतुबियानं तेव्हा तिचा चेहरा पाहिला. डोक्यावरचा जड भारा उतरवला की बाईची मान क्षणभर वर तरंगते, तशी ती मान दिसत होती. सुजलेला, पिवळा पडलेला तो चेहरा होता, आणि तरीही ओतुबियाला त्याच्याकडे सरळ बघवेना. दुपारचं ऊन दारातून आत आलं होतं, पण तो उजेड उन्हाचा वाटत नव्हता. आयेबियानं हळूच डोक्याचं फडकं सोडलं आणि गुडघे टेकले. कुणाला उद्देशून, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मामा मातीचे हात घेऊन तसेच घरी गेले. त्या दिवशी फाटक आपटलं नाही.

आवो त्यानंतर फार दिवस राहिली नाही. एका सकाळी ओतुबिया तिला मक्याची पेज भरवत होती. आवोनं दोन चमचे घेतले, तिसऱ्याला मान हलवली.

"सगळं गेलं ना?"

"हो, आवो. सगळं."

"मग ती खिडकी उघड. खोली किती मोठी झालीये बघ."

ओतुबिया खिडकी उघडून वळली, तेव्हा आवो निघून गेली होती.

तासाभरात हॅम्बुर्गहून फोन. मामांनी तो अंगणात, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजावर ठेवला. "मामा, थांबा! आईला शवागारात ठेवा. मी इथं कर्ज काढतो, गावानं कधी पाहिलं नाही असं करू." आसिएदू रडत होता.

सगळे मामांकडे बघू लागले. आता त्यांना अडवणारं कुणी नव्हतं. ज्या एका बाईचा शब्द त्यांच्या शब्दावर चालायचा, ती आत पांढऱ्या चादरीखाली होती. ओतुबियाला वाटलं, झालं, आता बँड येणार.

"बाळा," मामा म्हणाले, आणि त्यांचा आवाज तिनं इतका हळू कधी ऐकला नव्हता, "ती पेटी मी उघडली. माझे हात आरपार गेले. तुझ्याजवळ भाड्याचे पैसे असतील तर विमानात बस, आम्ही शनिवारपर्यंत थांबतो. नसतील तर तिथल्या चर्चमध्ये जा, तिच्यासाठी प्रार्थना कर. पण कर्ज काढून येऊ नकोस. तिला तोंड कसं दाखवशील?"

मग आसिएदू म्हणाला, "तिला सांगा, मी ऐकलं म्हणून."

शनिवारी ओतुबिया पहाटेच उठली. शेजारपाजारच्यांना पुरेल इतकी केंकी, आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे, उकडली, मासे तळले. ना भिंतींवर आवोच्या फोटोचे कागद, ना रेडिओवर घोषणा. गल्लीतली माणसं येतील, झालं. सुतारानं साधी पेटी करून आणली होती, तासलेल्या लाकडाचा गोड वास येत होता. ती चर्चमध्ये ठेवून ओतुबिया आणि मामा दारात उभे राहिले. तिथून रस्ता सरळ खाली स्टँडपर्यंत दिसतो.

पहिली लॉरी लागली आणि त्यातून बायका उतरल्या. ओतुबियाच्या ओळखीची एकही नव्हती. त्यांच्यामागे आणखी एक गाडी, मग आणखी. माणसं रस्ता चढू लागली. मरणाला यायचं तर काळ्यात किंवा लालात, पण आवोचं सांगणं, असेल ते नेसा, बाजारातून तोंडोतोंडी सगळीकडे पोचलं होतं. म्हणून रस्त्यावर रंग होते.

ओतुबियाचं आयुष्य कापडात गेलेलं. लांबूनच तिचे डोळे कापडं वाचू लागले, आणि वाचता वाचता थांबले. ते तपकिरी शंखांचं, ते छापणं बंद होऊन तिची अख्खी तरुणाई उलटली होती. ते पिवळ्या चौकटींचं, ते तर ती पाठीला बांधलेली होती त्या दिवसांतलं! धुऊन धुऊन विटलेलं, कडेला ठिगळ लावलेलं. एका म्हाताऱ्यानं त्याचा सदरा शिवून घेतला होता. एका परिचारिकेनं डोक्याला बांधलं होतं. उत्तरेकडचा एक, चघळायच्या कोलाच्या बिया विकणारा, लांब झग्यातला, मुसलमान गृहस्थ, त्याच्या खांद्यावर निळ्या पानांचा एक पट्टा होता, नुसताच, टाकलेला. एका तरुण पोरीच्या पाठीवर बाळ होतं आणि बाळाभोवती गुंडाळलेल्या तुकड्याचा रंग ओळखू येत नव्हता, इतका तो जुना.

ओतुबिया पुढं झाली. "मावशी, हे कापड कुठलं हो?" तिनं एकीला विचारलं.

"आवोनं दिलं. माझं दुकान जळलं त्या वर्षी. म्हणाली, पैसे पुढच्या आठवड्यात दे. पुढच्या आठवड्यात गेले तर म्हणाली, पुढच्या. मी नाद सोडला शेवटी, म्हातारी माझी ओळखच दाखवेना!" आणि ती हसता हसता रडू लागली.

दर वर्षी पहिला गठ्ठा फुटला की पहिलं कापड देवाचं, एवढं ओतुबियाला ठाऊक होतं. ते कुठं जातं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. पाळकांच्या हातात जात असेल, असं सगळ्यांनीच धरलं होतं. आता ते रस्ता चढून वर येत होतं. कोरडा वारा सुटला आणि साऱ्या रस्त्यावर पदर, झगे, ओढण्या एकदम फडफडल्या. तिला वाटलं, डोंगरच श्वास घेतोय. तिनं दाराची चौकट धरली.

"ही कुठल्या पेटीतली गं?" मामांनी कुजबुजत विचारलं.

"पेटीतली नाहीत, मामा."

मामांनी टोपी काढली. खालून लोक येतच होते. पाळक दान्सो दोनदा घंटा वाजवायला उठले आणि दोन्ही वेळा परत बसले. आत जागा संपली तेव्हा लोक खिडक्यांशी उभे राहिले, मग झाडांखाली. भजन सुरू झालं ते आतून नाही, बाहेरूनच, रस्त्यावरच्या कुणीतरी धरलं, आणि ते आत आलं.

दफन झाल्यावर गोंधळ उडाला. लोक हातात नोटा घेऊन आहेराचं टेबल शोधू लागले. टेबल कुठंच नव्हतं. एक जाडजूड बाई मामांसमोर येऊन उभी राहिली.

"घरचे तुम्ही ना? पैसे कुणाकडे द्यायचे?"

"कुणाकडेच नाही. परत घेऊन जा. तिनंच सांगितलंय."

"म्हणजे? सकाळपासून तीन गाड्या बदलून आले मी! तिनं मला आयुष्यभर देऊ दिलं नाही, आता तुम्ही पण नाही देऊ देणार?"

मामा गडबडले. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, मग त्यांचा तो लॉरीवाला आवाज कबरस्तानभर घुमला: "ज्याला द्यायचंय त्यानं शेजारी बघा! शेजारी कोण उभं आहे ते बघा!"

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं वळून पाहिलं. शेजारी कबर खणणारा उभा होता, फावड्यावर हात ठेवून, मातीनं माखलेला. तिनं नोट त्याच्या हातात कोंबली. तो "अहो, अहो" म्हणत मागं सरला. कुणीतरी हसलं. मग आणखी कुणी वळलं; आयेबिया त्या बाळवाल्या पोरीकडे वळली, कोला विकणारा एका लंगड्या म्हाताऱ्याकडे. मोठा आवाज कुणी केला नाही. नुसती माणसं वळत होती, एकमेकांचे चेहरे बघत होती, आणि हात हातांत जात होते.

ओतुबिया बघत उभी होती, तेवढ्यात तिचाही हात कुणीतरी धरला. एक अनोळखी म्हातारी. तिनं ओतुबियाच्या तळव्यात काहीतरी ठेवलं, तिची बोटं एकेक करून त्यावर मिटवली, आणि नाव न सांगता गर्दीत गेली.

ओतुबियानं मूठ उघडून पाहिलं नाही. आत किती आहे हे जाणून घ्यावंसं तिला त्या घडीला वाटलंच नाही, आणि याचंच तिला नवल वाटत होतं. ओल्या मातीचा आणि ताज्या लाकडाचा वास येत होता. ती तशीच, घट्ट मुठीनं, आपल्या शेजारी कोण उभं आहे ते बघायला वळली.